सर नसलेला ग्रुप

महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयात कोणत्याही वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप दोन असतात. एकात सर असतात आणि दुसऱ्यात वर्ग असतो. पहिल्याचं नाव ‘एस. वाय. बी. ए. मराठी (अधिकृत)’ असं भारदस्त असतं. कंसात ‘अधिकृत’ लिहिलंय म्हणजे अनधिकृत कुठेतरी जोरात चालू आहे, एवढं समजून घ्यावं. दुसऱ्याचं नाव दर पंधरवड्याला बदलतं. आमच्याकडच्या एका वर्गाच्या ग्रुपचं नाव काही काळ ‘सर नाहीत, बोला’ असं होतं, हे मला त्याच वर्गातला एक माजी विद्यार्थी पेढे द्यायला आला तेव्हा कळलं. नोकरी लागल्याशिवाय अशी माहिती बाहेर पडत नाही.

अधिकृत ग्रुपवर बोलणं होत नाही, हजेरी होते. ‘उद्याचा तास साडेनऊला’ असं मी टाकलं की खाली ‘ओके सर’ची रांग लागते. ओके सर, ओके सर, मध्येच एक ‘येस सर’, एक ‘नोटेड सर’ (हा पुढे बँकेत लागणार), सात-आठ जोडलेले हात, चार अंगठे आणि एक ‘ओके मॅडम’. या रेट्यात मूळ सूचना वर सरकत सरकत दिसेनाशी होते. मग रात्री अकराला कोणीतरी विचारतं, ‘सर, उद्या तास आहे का?’ मी सूचना पुन्हा टाकतो. पुन्हा रांग.

शिवाय त्या ग्रुपात सगळे विद्यार्थीच असतात असंही नाही. आमचं महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. प्रवेशअर्जावर बऱ्याच मुलींनी वडिलांचा नंबर दिलेला असतो, कारण घरात फोन तेवढाच. त्यामुळे ‘यादवकालीन गद्य’ या घटकाची पीडीएफ मी मोठ्या विश्वासाने पाठवतो, ती विठ्ठलाचा डीपी लावलेल्या एखाद्या गृहस्थांच्या खिशात, उसाच्या फडात जाऊन पडते. एकदा स्वाध्यायाची आठवण करून दिली, तर एका नंबरावरून उत्तर आलं, ‘युरिया आला का सोसायटीत?’ मी काही म्हणायच्या आत दुसऱ्या नंबरावरून खुलासा आला, ‘सोमवारी गाडी लागणार म्हणत्यात.’ तिसऱ्याने पावतीचा फोटो टाकला. चौथ्याने दोन पोती जास्तीची असतील तर सांगा म्हटलं, पाचव्याने देतो म्हणून कळवलं. तो ग्रुप निघाल्यापासून तिथे झालेलं हे एकमेव सहकार्य, आणि तेही पालकांनी पालकांशी केलेलं.

मुलं मोबाइलच्या आहारी गेली आहेत, ही चर्चा आमच्या स्टाफरूममध्ये रोज मधल्या सुट्टीत होते. बोलणाऱ्यांचे डोळे त्या वेळी आपापल्या मोबाइलवर असतात, म्हणून चर्चेला जरा वेळ लागतो. ‘पूर्वी मुलं एकमेकांशी बोलायची हो,’ असं भूगोलाच्या मॅडम खाली मान घालून म्हणाल्या. तेच वाक्य त्यांनी ग्रुपवरही टाकलं असावं, कारण आम्ही सगळ्यांनी बसल्या जागेवरून अंगठे दिले.

स्टाफचा ग्रुप हे प्रकरण वेगळंच. तिथे एकाच्या सासऱ्यांच्या निधनाची आणि दुसऱ्याच्या पीएच.डी.ची बातमी पाठोपाठ येते, आणि खालच्या गर्दीतलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ कोणाला व ‘हार्दिक अभिनंदन’ कोणाला, हे ज्याचं त्याने लावून घ्यायचं असतं. ‘सोबतची माहिती आज दुपारी बारापर्यंत भरावी, अत्यंत तातडीचे’ हा संदेश बारा वाजून वीस मिनिटांनी येतो. मग जे चालू होतं ते पाहण्याजोगं असतं. एक जण तक्ता भरतो, बाकीचे तो उतरवून घेतात. दर जूनमध्ये वार्षिक अध्यापन नियोजनाची एक फाइल अशीच हातोहात फिरते. मागे एकदा अर्थशास्त्र विभागाच्या नियोजनात ‘दलित आत्मकथनांतील भाषिक सौंदर्य’ या घटकाला चौदा तासिका दिलेल्या निघाल्या. त्यावर विभागप्रमुखांची सही होती, प्राचार्यांची सही होती, गोल शिक्का होता. विद्यार्थ्याने मित्राचा स्वाध्याय उतरवला तर त्याने छापलं म्हणायचं. आम्ही उतरवलं की तो आंतरविभागीय समन्वय.

छापण्याची परंपरा मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. ज्यांनी महाराष्ट्रात अभियांत्रिकी केलं आहे त्यांना ‘जीटी’ सांगायला नको. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. होस्टेलच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, वर कुठून तरी पैदा केलेली काच आडवी टाकायची, खाली शंभराचा बल्ब. काचेवर वर्गातल्या हुशार मुलाची ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, चारही कोपऱ्यांना सेलोटेप, आणि खालून उजेडात दिसेल ती रेघ ओढत जायचं. हुशार मुलाने चुकून ओढलेली रेघसुद्धा भक्तिभावाने ओढायची. सबमिशनच्या आदल्या रात्री कोणी काच धरी, कोणी पेन्सिलींना टोक काढी, कोणी चहा आणी. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात मूळ शीटवर चहाचा एक थेंब पडला होता. तो तिघांनी भोक समजून कंपासने रेखीव गोल काढला, आणि एकाने त्याचा व्यासही लिहिला. सही करणाऱ्या सरांनी त्यांच्या काळी हीच काच वापरलेली असल्यामुळे ते फार वाकून पाहत नसत.

तेव्हा आजकालच्या मुलांना एकत्र काम करता येत नाही, ही तक्रार काही टिकत नाही. साठ जणांकडून एकच उत्तर मागितलं, तर एकाने लिहावं आणि एकोणसाठ जणांनी झोपावं, ही मला तरी शहाणपणाची वाटणी वाटते. ‘संत वाङ्मयाची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाचं उत्तर आम्हाला माहीत असतं, मुलांना माहीत असतं, गाइडमध्ये छापलेलं असतं. दहावीपासून ‘२१ अपेक्षित’ हा प्रश्नसंच उशाशी घेऊन मोठ्या झालेल्या मुलाला आम्ही अनपेक्षित काही विचारतच नाही. मग ते एकच उत्तर ग्रुपवरून फिरतं. २०१८ साली अफवांना आळा घालण्यासाठी व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असा नियम केला. पण त्या हिशेबात अख्खा ग्रुप हा एकच नग धरला जातो, त्यामुळे स्वाध्यायांच्या प्रसाराला काडीचाही धक्का बसला नाही.

छापण्याचा हाच प्रकार जगाच्या वेशीवर टांगला गेला तो २०११ साली, पुण्यात. विकिपीडिया ज्या विकिमीडिया फाउंडेशनची, तिने पुण्यातल्या काही महाविद्यालयांना बरोबर घेऊन एक उपक्रम काढला. विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, प्राध्यापकांनी ते अभ्यासक्रमात धरायचे, मदतीला तरुण स्वयंसेवक. कपाटात वाळवी लागण्यापेक्षा मुलांचं लिखाण चार लोकांनी वाचावं, ही कल्पना चांगलीच होती, आणि अमेरिकेत ती आधी करून पाहिलेली होती. पुण्यात शेकडो मुलं एकदम कामाला लागली आणि त्यांनी प्रकल्प जसा करतात तसाच केला. पुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे उतारे उचलले आणि विकिपीडियावर नेऊन चिकटवले. तिकडे जगभरचे संपादक, जे हे काम फुकट, घरचं खाऊन करतात, ते प्रताधिकाराचा भंग शोधून शोधून बेजार झाले. एक लेख साफ करावा तर पुढचे चार तयार. वर्ष सरायच्या आत उपक्रम गुंडाळावा लागला.

त्यावर तेव्हा पुष्कळ चिकित्सा झाली. मला मात्र त्या पोरांचं वागणं अगदी सरळ वाटतं. पहिलीपासून आम्ही त्यांना प्रकल्प म्हणजे चिकटवणं असंच शिकवलं. स्टेशनरीच्या दुकानात फळांचे, पक्ष्यांचे, थोर पुरुषांचे छापील तक्ते मिळतात. ते आणायचे, आईने कात्रीने कापायचे, बाबांनी डिंकाने वहीत लावायचे, आणि मुलाच्या नावावर लाल शाईत ‘छान’ असा शेरा घ्यायचा. पुण्यातल्या पोरांनी फक्त डिंक बदलला.

२०२० साली शाळा-कॉलेजं बंद झाली आणि ज्या फोनपायी आम्ही मुलांना वर्गाबाहेर उभं करत होतो, तो फोन मुलाच्या हातात द्या म्हणून आयाबापांच्या विनवण्या करायची पाळी आली. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं म्हणून रोज व्हॉट्सॲपवरून अभ्यास धाडायला सुरुवात केली. ‘आवाज येतोय का?’ या वाक्याची त्या काळात जी झीज झाली, ती अजून भरून निघालेली नाही. सोलापुरात नीलमनगर भागातल्या शिक्षकांनी निराळी वाट काढली. कामगारांची वस्ती, घरोघरी स्मार्टफोन आणायचा कुठून? त्यांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. फेसबुकवर ‘माझी भिंत’ म्हणून मिरवणाऱ्यांनी त्या भिंती पाहाव्यात. पाढे, व्याकरण, आकृत्या, सगळं जागच्या जागी, आणि खाली एकही कमेंट नाही.

त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्याच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून पोरांना फोनवरच धडा ऐकायला-बघायला देणारे हे गुरुजी. बक्षीस दहा लाख डॉलरचं होतं आणि त्यातला अर्धा वाटा त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकला. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. अर्धे पैसे वाटल्याची बातमी आल्यावर मात्र बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटी वाणिज्य विभागाने विचारलं, ‘यात टॅक्स कोणी भरायचा?’

मग आमची प्रशिक्षणं सुरू झाली. ‘समाजमाध्यमांचा अध्यापनात प्रभावी वापर’ या विषयावर ऑनलाइन शिबिर. तीनशे प्राध्यापक हजर, तीनशे कॅमेरे बंद. तज्ज्ञ आपल्या परीने सांगत होते की विद्यार्थ्यांच्या जगात उतरा, त्यांच्याशी संवाद साधा, प्रश्न विचारायला लावा. मग त्यांनी आम्हाला विचारलं, ‘काही प्रश्न?’ खालच्या चौकटीत भराभर प्रश्न आले. ‘फीडबॅकची लिंक कधी मिळेल?’ ‘सर्टिफिकेटवर नाव मराठीत येईल का?’ ‘काल हजर होतो, तरी लिंक आली नाही.’ एकाने पहिल्याच दिवशी सगळ्या दिवसांच्या लिंका मागितल्या. पलीकडे कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, त्या तेवढ्या मनापासून होत्या.

या शिबिराला न आलेल्या आमच्या इतिहासाच्या सरांना संवादाची ती गोष्ट आपोआप साधली. सरांची वर्गात एक लकब आहे. डावा हात कमरेवर, उजव्या हाताचं बोट समोर रोखलेलं, आणि ‘पुढं बघायचं!’ स्नेहसंमेलनात कोणीतरी नेमका हा फोटो टिपला, आजूबाजूचं सगळं कापलं, खाली तीच दोन शब्दांची आज्ञा लिहिली आणि सरांचं स्टिकर झालं. वर्षभर ते साऱ्या कॉलेजात फिरत होतं. क्रिकेटमध्ये कोणी बाद झालं, पुढं बघायचं. प्रेमभंग झाला, पुढं बघायचं. केटी लागली, पुढं बघायचं. एक दिवस कोणी तरी चुकून ते अधिकृत ग्रुपवर टाकलं. लगेच पुसलं, पण सरांनी त्याआधी पाहिलं होतं. स्टाफरूममध्ये खळबळ. शिस्तपालन समितीची बैठक बोलवा म्हणून उपप्राचार्य तापले. सरांनी चष्मा वर करून ते चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, ‘पोट आत गेलेलं दिसतंय. कुठून काढला असेल?’

रात्री अकराला नेहमीप्रमाणे कोणीतरी विचारलं, ‘सर, उद्या तास आहे का?’ सरांनी उत्तरादाखल स्वतःचंच स्टिकर टाकलं. त्या ग्रुपवर त्या रात्री प्रथमच ‘ओके सर’ सोडून दुसरं काही उमटलं. हसून हसून झाल्यावर एका मुलाने विचारलं, ‘सर, पानिपतात आपले लोक बायकामुलं घेऊन का गेले होते?’ सर साडेबारापर्यंत टाइप करत होते. एका बोटाने.

सगळ्यांना हे जमेल असं नाही, आणि जमवायला जाऊही नये. विद्यार्थ्यांत मिसळायचं म्हणून रील करणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. मुलं ते रील तोंडावर ‘भारी सर’ म्हणून वाखाणतात आणि मग सर नसलेल्या ग्रुपवर नेऊन पाहतात. इन्स्टाग्रामवर विद्यार्थ्यांच्या मागे लागू नये, त्यांच्या स्टोरीत डोकावू नये, आणि रात्री-अपरात्री एकट्यादुकट्याला मेसेज तर मुळीच करू नये. जे सांगायचं ते चारचौघांत, ग्रुपवर. मात्र एखादी मुलगी हातात स्क्रीनशॉट घेऊन, खाली मान घालून केबिनच्या दाराशी उभी राहिली, तर त्या वेळी ‘कशाला हवं ते इन्स्टाग्राम?’ हे वाक्य गिळता आलं पाहिजे. ते एकदा तोंडातून गेलं की पुढची मुलगी येत नाही.

कोणी न सांगता मुलं किती चोख काम करतात हे मी पाहिलं ते एसटी स्टँडवर.

२०२१च्या दिवाळीच्या सुमाराला एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या आमच्या मुलांचे हाल झाले. एरवी मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, पुढच्यांना एक तृतीयांश पैशात. वडापचा जीपवाला कसला पास बघतोय? तेव्हा एका मुलीने ‘गाडी कुठंय’ नावाचा ग्रुप काढला. कोणती जीप कुठून किती वाजता, कोणाच्या चुलत्याच्या टेम्पोत मागे जागा आहे, कोणाचा भाऊ मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडेल. संप मिटला, एसटी आली, ग्रुप राहिला. आता त्यावर एसटीची खबर असते.

एके दिवशी मी स्टँडवर घड्याळाकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघत उभा होतो. ती मुलगी म्हणाली, ‘बसा सर निवांत. गाडी अजून पुलापाशीच आहे.’ मी म्हटलं, ‘तुला काय माहीत?’ तिने फोन पुढे केला.

‘सुटली. ४.१०.’

‘फाट्यावर आली. ४.३२. उभं राहायला जागा आहे.’

‘पुलाजवळ थांबलीय. मेंढरं.’

‘किती?’

‘लय. धा मिनिटं धरा.’

‘कंडक्टर कोण?’

‘कालचेच. सुट्टे घेऊन या.’

वर कालच्या तारखेला कोणीतरी ‘आज शेवटची गाडी रद्द’ असं टाकलेलं होतं. त्याच्या खाली अर्ध्या मिनिटात हिचा प्रश्न: ‘कोण म्हणालं?’ उत्तर: ‘ऐकलं.’ हिचं पुढचं: ‘कंट्रोलरला विचार, मग टाक.’ पाच मिनिटांनी त्याच मुलाने स्टँडवरच्या फळ्याचा फोटो टाकला होता. गाडी रद्द नव्हती, वीस मिनिटं उशिरा होती. ग्रुपच्या माहितीत एकच नियम लिहिला होता: ‘गुड मॉर्निंग टाकणाऱ्याने चालत यावे.’ आणि खालपासून वरपर्यंत शोधूनही मला तिथे एकही ‘ओके’ सापडला नाही.

मी प्रबंध तपासतो, परीक्षक म्हणून तोंडी परीक्षांना जातो. ‘कोण म्हणालं?’ हा प्रश्न स्वतःला विचारून मगच टाकलेली तळटीप फार क्वचित भेटते. आणि हा ग्रुप चालवणारी मुलगी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते, हजेरीला नुसता हात वर करते, चर्चेत कधीही तोंड उघडत नाही.

‘हे सगळं कोणी शिकवलं तुला?’

‘शिकवायचंय काय त्यात, सर? चुकीचं टाकलं तर पोरी पावसात उभ्या राहतात.’

त्या सत्रात मी संत वाङ्मयाच्या वैशिष्ट्यांना रजा दिली आणि वर्गाला एकच प्रकल्प दिला: आमच्या गावात एसटी आली तेव्हा. पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे-नगर रस्त्यावर धावली हे कुठेही मिळतं. ती आपल्या वाडीत केव्हा आली, कोणी नारळ फोडला, रस्ता कोणी केला, हे आजीलाच ठाऊक, आणि आजी अजून गुगलवर नाही. सगळ्यांनी एकाच सामायिक दस्तऐवजात लिहायचं, म्हणजे साठ जणांची एकच वही, प्रत्येकाच्या फोनवर एकाच वेळी उघडी.

पहिल्या संध्याकाळी तिथे जत्रा भरली. नाव न नोंदवता लिंकवरून आत आलेल्याला गुगल एखाद्या प्राण्याचं नाव देतं, त्यामुळे वर कोपऱ्यात निनावी कोल्हे, निनावी पाणघोडे आणि कधी न ऐकलेली जनावरं गोळा झाली. कोणी अक्षरं गुलाबी केली. कोणी आपलं नाव चाळीसच्या ठशात टाकलं. बोलून टाइप करणाऱ्यांची ‘मुक्कामी गाडी’ फोनने ऐकली आणि ‘मुका मी गाडी’ अशी लिहून ठेवली, ती तशीच पाच गावांत मुक्कामाला राहिली. साडेनऊला एकाने सगळा मजकूर निवडून पुसून टाकला आणि मला फोन करून रडवेल्या आवाजात विचारलं, ‘सर, आता वर्ष वाया जाईल का?’ त्या दस्तऐवजाला आपला सगळा इतिहास आठवतो, हे मला ऐकून माहीत होतं. त्याला साडेनऊच्या आधीच्या घडीवर नेलं. सगळी गावं परत आली, ‘मुका मी’सकट.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र वाचण्याजोगं येऊ लागलं. एका आजीने सांगितलं, गाडी पहिल्यांदा आली तेव्हा बायकांनी देवळात जाताना काढतात तशा चपला पायरीखाली काढल्या आणि आत जाऊन बसल्या. गाडी सुटली. चपला राहिल्या फाट्यावर. ही गोष्ट आणखी दोन गावांनी आपलीच म्हणून लिहिली आणि समासात भांडण लागलं. तुमच्या गावाला तेव्हा रस्ता तरी होता का, इथपर्यंत मजल गेली. मी मध्ये पडणार होतो. तेवढ्यात समासात तिसऱ्या बाकाची टीप उमटली: ‘कोण म्हणालं? ऐकलं की पाहिलं?’

रविवारी मुलं पुन्हा आपापल्या आज्या-आजोबांकडे गेली. दोन गावांहून ‘ऐकलं’ असं प्रामाणिकपणे कळलं. तिसऱ्या गावच्या आजी म्हणाल्या, ‘ऐकतेय कशाला? माझ्याच होत्या. म्हसवडच्या जत्रेत घेतलेल्या, नव्याकोऱ्या. तुझ्या आज्याने वर्षभर दुसऱ्या घेऊन दिल्या नाहीत.’ बाकीच्या दोन गावांनी आपापला मजकूर ‘असे आमच्याकडेही सांगतात’ असा करून घेतला. हा एवढा बदल करायला मराठी संशोधनात कधी कधी तीन परिसंवाद लागतात.

‘पण यातलं कोणाचं काय, हे कळणार कसं? गुण कसे देणार?’ असं अर्थशास्त्राने विचारलं. उलट इथेच कळतं. नावानिशी आत आलेलं असलं की कोणी कोणत्या रात्री कोणती ओळ लिहिली, कोणी खोडली, कोणी परत आणली, सगळं नोंदलेलं असतं. जीटीच्या काचेखालच्या बल्बला हे कधी सांगता आलं नसतं. एका मुलाची स्वतःची एकही ओळ नव्हती, पण त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक गावाच्या वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या, तेही कोणाला न दुखावता, रात्री सगळे झोपल्यावर. त्याला मी पैकीच्या पैकी दिले. एक जण एकदाच आत येऊन, सगळं वाचून, निघून गेला होता. त्यालाही मी काहीतरी दिलं. मराठीच्या तासाला कोणी वाचतोय, हे थोडं नाही.

‘गाडी कुठंय’मध्ये मला घेऊ का, असं त्या मुलीने नंतर विचारलं. मी नको म्हटलं. खरं तर गाडीची माहिती मलाही रोज हवी असते. पण मी आत गेलो असतो तर दुसऱ्याच दिवशी ‘गाडी कुठंय (सर नसलेला)’ निघाला असता आणि पहिल्यावर मेंढरांच्या खाली साठ ‘ओके सर’ आले असते. स्टँडवर ती दिसली की मी विचारतो. ती फोन न बघता सांगते.

आमच्या कॉलेजात, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची होती. संस्थेचे दोन ‘सर्वोत्तम उपक्रम’ दाखवायचे होते. एक वृक्षारोपण होतं, दुसऱ्यासाठी शोधाशोध चालली होती. प्राचार्यांच्या कानावर आमचं प्रकरण गेलं आणि ‘डिजिटल सहयोगी अध्ययन’ असं नाव मिळून ते फाइलीत दाखल झालं. मी लिंक पाठवली. लिंक चालणार नाही, असं कळलं. एकशे चाळीस पानांच्या दोन प्रती काढून, स्पायरल बांधून, प्रत्येक पानावर विभागप्रमुखांची सही हवी. ती मी केली. मग फोटो मागितला. नुसता नाही, जिओटॅगचा, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश खाली उमटलेला, आणि त्यात विद्यार्थी डिजिटल सहयोग करताना दिसले पाहिजेत. ज्यांनी तो केला होता त्यांनी तो गोठ्यात, चुलीपाशी, एसटीच्या मागच्या बाकावर, रात्री पांघरुणात केला होता, आणि त्याचे अक्षांश-रेखांश कॉलेजचे नव्हते. शेवटी एका शनिवारी दहा मुलांना ओळखपत्रं गळ्यात घालून संगणक कक्षात बसवलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला पडद्याकडे बोट दाखवायला सांगितलं आणि बाकीच्यांना कौतुकाने बघायला. लाइट गेलेले होते, पडदा काळा होता. ‘पुढं बघायचं!’ असं इतिहासाचे सर ओरडले, मुलं खुदकन हसली, तेवढ्यात फोटो निघाला. अक्षांश-रेखांश अगदी बरोबर आले.